आकडा सुधारतो, पेशंट का सुधारत नाही? सेप्सिस, शॉक आणि सीपीआरवरचे संशोधन कसे वाचावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. सेप्टिक शॉकमध्ये भरपूर सलाईन द्या असे एक वरिष्ठ सांगतात, दुसरे म्हणतात हात आखडता घ्या. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर शरीर ३३ अंशांपर्यंत थंड करावे असे पुस्तकात आहे, नवे लेख म्हणतात गरज नाही. अ‍ॅड्रेनालिनबद्दलही तसाच गोंधळ. संशोधन इतके उलटसुलट असेल तर विश्वास कशावर ठेवायचा? आणि प्रबंधासाठी या क्षेत्रात करण्यासारखे काही उरले आहे का?"

हे संशोधन तुम्हाला वाटते तितके उलटसुलट नाही. गेल्या पंचवीस वर्षांतल्या मोठ्या चाचण्या ओळीने वाचायला बसलात तर त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना दिसतील. मॉनिटरवरचा, लॅबच्या रिपोर्टातला किंवा लघवीच्या पिशवीतला आकडा मनासारखा झाला म्हणून पेशंट वाचण्याची शक्यता वाढली असे धरून चालता येत नाही. ज्या उपचारांची सगळी भिस्त आकड्यावर होती ते एकेक करून बाद झाले. गोंधळ वाटतो, कारण आपल्या शिकवण्यात अजूनही आकडाच पुढे असतो.

सगळ्यात बोलके उदाहरण मला नायट्रिक ऑक्साइडचे वाटते. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराच्या बेताल प्रतिसादाने (सेप्सिस) रक्तदाब कोसळतो तेव्हा, रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यात नायट्रिक ऑक्साइडचा मोठा वाटा असतो, हे शरीरक्रियाशास्त्राने पक्के दाखवून दिले होते. मग ते तयार करणारे एन्झाइमच रोखले तर? तसे औषध बनले, माणसांना दिले गेले आणि अपेक्षेप्रमाणे रक्तदाब वर आला. २००४ साली ७९७ पेशंटांच्या चाचणीचा निकाल छापून आला तेव्हा २८ दिवसांतला मृत्युदर औषधाच्या गटात ५९ टक्के आणि प्लासिबोच्या (बिनऔषधी नकली डोसाच्या) गटात ४९ टक्के निघाला. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. तर्कात खोट नव्हती, रक्तदाब खरोखर वाढला होता. पण आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध आधीच थकलेल्या हृदयाला रक्त ढकलावे लागत होते, आणि दाब वाढला तरी अवयवांपर्यंत पोहोचणारा प्रवाह वाढतोच असे नाही. हृदयरोगशास्त्राने हाच धडा त्याआधी, १९८९ मध्ये घेतला होता. हार्ट अटॅकनंतर ईसीजीवर दिसणारे जादा ठोके फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडने दाबले गेले, पट्टी स्वच्छ झाली आणि मृत्यू वाढले.

आता सेप्सिसकडे येऊ. २००१ मध्ये डेट्रॉइटच्या एका रुग्णालयात इमॅन्युएल रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २६३ पेशंटांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा तासांत सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) ८ ते १२, सरासरी रक्तदाब ६५ च्या वर, मध्यवर्ती शिरेतल्या रक्ताची ऑक्सिजन संपृक्तता ७० टक्क्यांच्या वर, आणि ते जमत नसेल तर रक्त आणि डोब्युटामिन (हृदयाचा जोर वाढवणारे औषध) अशी ती पायरीपायरीची योजना होती. रुग्णालयातला मृत्युदर ४६.५ वरून ३०.५ टक्क्यांवर आला. जगभर ही पद्धत उचलली गेली. सीव्हीपी आठ होईपर्यंत सलाईन चालू ठेवायची सवय एका अख्ख्या पिढीला लागली.

मग २०१४ आणि २०१५ मध्ये अमेरिकेची प्रोसेस, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची अराइज आणि इंग्लंडची प्रॉमिस अशा तीन मोठ्या चाचण्या आल्या. तिन्ही मिळून चार हजारांहून अधिक पेशंट होते. रिव्हर्स यांची योजना आणि डॉक्टरांनी आपापल्या अंदाजाने केलेले उपचार यांत मृत्युदराचा फरक निघाला नाही. अराइजमध्ये तर ९० दिवसांचे आकडे १८.६ आणि १८.८ टक्के, म्हणजे जवळजवळ एकच.

यावरून "रिव्हर्स चुकले" असे म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. या तीन चाचण्यांतल्या कंट्रोल गटाकडे, म्हणजे तुलनेसाठी नेहमीचे उपचार मिळालेल्यांकडे, नीट बघा. त्या पेशंटांना चाचणीत घेण्याआधीच दोन लिटरच्या आसपास द्रव मिळाला होता, अँटिबायोटिक सुरू झाले होते, लॅक्टेट (गंभीर आजारात रक्तात वाढणारा एक पदार्थ) तपासले गेले होते आणि कोणीतरी खाटेशेजारी उभे राहून लक्ष देत होते. २००१ च्या कंट्रोल गटाला हे इतक्या लवकर मिळत नव्हते. मधल्या तेरा वर्षांत सेप्सिसकडे बघण्याची घाई बदलली आणि त्या बदलात रिव्हर्स यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. त्यांच्या योजनेतला "लवकर" हा भाग टिकला. सीव्हीपी आणि शिरेतल्या ऑक्सिजनचे आकडे गळाले. चाचणीचा निकाल वाचताना उपचाराच्या गटाइतकेच कंट्रोल गटाला काय मिळाले हे वाचायला शिका. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

सलाईनचा वाद सगळ्यात तापलेला आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. २०११ ची फीस्ट चाचणी प्रत्येक निवासी डॉक्टरने मुळातून वाचावी असे माझे ठाम मत आहे. केनिया, टांझानिया आणि युगांडा या देशांत तीव्र ताप आणि रक्ताभिसरण बिघडल्याची लक्षणे असलेल्या ३,१४१ मुलांना ती लागू केली होती. काहींना अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या द्रावणाचा बोलस (थोड्या वेळात एकदम दिलेला द्रव), काहींना सलाईनचा बोलस, काहींना बोलसशिवाय फक्त नेहमीच्या वेगाचा द्रव. जुलाबाने कोरडी पडलेली मुले वगळली होती. ४८ तासांतला मृत्युदर अल्ब्युमिन गटात १०.६, सलाईन गटात १०.५ आणि बोलस न मिळालेल्या गटात ७.३ टक्के आला. चाचणी तिथेच थांबवली. माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या विश्लेषणात आहे: बोलस मिळालेल्या मुलांत पहिल्या तासात शॉकची लक्षणे जास्त प्रमाणात सुधारलेली दिसली होती. खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला मूल सुधारतेय असेच वाटले असणार. जादा मृत्यू फुप्फुसात पाणी भरून झाले नाहीत, बरेचसे नंतर रक्ताभिसरण कोलमडून झाले.

"आपल्याकडे व्हेंटिलेटर आहेत, मलेरिया नाही, हे आपल्याला लागू नाही" असे यावर ऐकू येते. काही अंशी ते खरेही आहे. त्या मुलांतल्या अनेकांना मलेरिया आणि तीव्र रक्तक्षय होता. पण २०१७ मध्ये झांबियात प्रौढांवर झालेल्या चाचणीतही तोच सूर निघाला. सेप्सिस आणि कमी रक्तदाब असलेल्या सुमारे २०० पेशंटांत पहिल्या सहा तासांत ठरवून भरपूर द्रव आणि रक्तदाब वाढवणारी औषधे दिलेल्या गटात ४८.१ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३३ टक्के. उलट जिथे आयसीयूच्या सगळ्या सोयी आहेत तिथे २०२२ च्या क्लासिक आणि २०२३ च्या क्लोव्हर्स या चाचण्यांत कमी द्रव आणि जास्त द्रव यांत फरक दिसला नाही. मात्र हे लक्षात घ्या की क्लोव्हर्समधल्या पेशंटांना चाचणीत येण्याआधी किमान एक लिटर द्रव मिळालेला होता. म्हणून "सलाईन देऊच नका" असा अर्थ त्यातून निघत नाही. पहिला लिटर-दीड लिटर गेल्यानंतर पुढची बाटली सवयीने लावण्याचा फायदा कोणी दाखवू शकलेले नाही, एवढाच अर्थ निघतो.

यामागचे कारण समजले की आकडे पाठ करावे लागत नाहीत. सेप्सिसमध्ये शॉक येतो तो मुख्यतः रक्तवाहिन्या सैलावल्याने आणि गळू लागल्याने. केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूचे नाजूक अस्तर सोलवटलेले असते, त्यामुळे दिलेला द्रव तिथे टिकत नाही. बोलसने वाढलेला हृदयाचा प्रवाह बऱ्याचदा तासाभरात पूर्वपदावर येतो आणि द्रव फुप्फुसात, आतड्याच्या भिंतीत आणि मूत्रपिंडात साचतो. मूत्रपिंडाला रक्त मिळते ते धमनीतला दाब आणि शिरेतला दाब यांच्या फरकावर. धमनीतला दाब ६५ असताना सीव्हीपी ६ वरून १६ वर नेला, तर लघवी वाढावी म्हणून दिलेल्या सलाईननेच मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. लघवी कमी झाली की आणखी सलाईन दिले जाते, आणि हे चक्र पुढे डायलिसिसपर्यंत जाते.

मग करायचे काय? पहिला द्रव द्या, हात आखडू नका, विशेषतः जुलाब, उलट्या, रक्तस्राव किंवा स्वादुपिंडाला सूज अशी द्रव कमी होण्याची उघड कारणे असतील तर. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत किलोमागे ३० मिली हा आकडा अजून आहे, पण २०२१ मध्ये त्याचा जोर कमी करून ती सौम्य शिफारस केली गेली. त्यानंतर प्रत्येक बोलसआधी दोन प्रश्न विचारा. याने हृदयाचा प्रवाह वाढेल का? आणि तो वाढवायची गरज आहे का? पहिल्याचे उत्तर पाय उचलून मिळते: पाय वर केल्यावर पोटरी-मांडीतले रक्त छातीकडे येते आणि प्रवाह वाढतो की नाही हे बाहेरचा एक थेंबही न देता कळते. मात्र मोजायचा प्रवाह, एकोने किंवा तसल्या साधनाने. नुसता रक्तदाब बघून हा निर्णय नीट होत नाही. दुसऱ्याचे उत्तर पेशंटच्या त्वचेवर, शुद्धीवर आणि लघवीवर असते. निरोगी माणसाचाही प्रवाह बोलसने वाढतो, म्हणून त्याला कोणी सलाईन लावत नाही.

कोणता द्रव, हा प्रश्न मी लवकर आटोपतो. हायड्रॉक्सीएथिल स्टार्च हा कृत्रिम द्रव सेप्सिसमध्ये वापरू नका. २०१२ च्या ६-एस चाचणीत ९० दिवसांचा मृत्युदर ५१ विरुद्ध ४३ टक्के आला आणि डायलिसिसही वाढले. सलाईन आणि रिंगर लॅक्टेटसारखे संतुलित द्रव यांतला फरक असलाच तर छोटा आहे. मी संतुलित द्रव वापरतो, डोक्याला मार लागलेला पेशंट सोडून.

रक्तदाबाच्या बाबतीत संशोधन बरेच स्पष्ट आहे. पहिले औषध नॉरअ‍ॅड्रेनालिन. २०१० च्या सोप-२ चाचणीत १,६७९ पेशंटांत डोपामिनच्या गटात हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण २४.१ टक्के होते, नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या गटात १२.४. "किडनीसाठी थोडे डोपामिन" ही समजूतही २००० सालीच निकालात निघाली: लघवी वाढते, मूत्रपिंड वाचत नाही. पुन्हा तोच आकड्याचा भ्रम. सरासरी दाब ६५ ठेवायचा की ८०? सेप्सिसपॅम चाचणीत (२०१४, ७७६ पेशंट) ८० ते ८५ ठेवून मृत्यू कमी झाले नाहीत, आलिंदांची लय बिघडणे मात्र वाढले. ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता त्यांच्यात डायलिसिसची गरज कमी पडली, म्हणून अशा पेशंटची लघवी ६५ वर बंद होत असेल तर थोडे वर नेऊन बघणे मला रास्त वाटते. आणि मध्यवर्ती लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) टाकेपर्यंत नॉरअ‍ॅड्रेनालिन थांबवू नका. कोपराजवळच्या किंवा त्यावरच्या चांगल्या मोठ्या शिरेतून, जागा डोळ्यांसमोर ठेवून, काही तास ते सुरू करता येते.

लॅक्टेटबद्दल एक गोष्ट आवर्जून. लॅक्टेट वाढले म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडतोय, हे अर्धसत्य आहे. शरीरातले आणि बाहेरून दिलेले अ‍ॅड्रेनालिन स्वतःच लॅक्टेट वाढवते, आणि यकृत थकले असेल तर ते उतरायला वेळ घेते. लॅक्टेट जास्त म्हणजे पेशंट गंभीर, हे खरे. लॅक्टेट जास्त म्हणजे सलाईन कमी पडलेय, हे त्यातून सिद्ध होत नाही. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांतले ४२४ पेशंट घेतले. एका गटात दर दोन तासांनी लॅक्टेट उतरतेय का हे बघून उपचार, दुसऱ्यात बोटाच्या टोकावर काचपट्टी दहा सेकंद दाबून रंग किती वेळात परत येतो ते बघून. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर बिघडलेले. मृत्युदर लॅक्टेट गटात ४३.४ आणि बोटाच्या गटात ३४.९ टक्के, बोटाच्या गटाला पहिल्या आठ तासांत द्रवही कमी लागला. पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०६ आली, रूढ मर्यादा ०.०५ आहे, म्हणून अधिकृत निकाल "फरक सिद्ध नाही" असा. पण घड्याळाच्या सेकंदकाट्यापलीकडे काही न लागणारी तपासणी रक्ततपासणीच्या मागे पडली नाही, हे केवढे मोठे आहे! छोट्या रुग्णालयात रात्री दोन वाजताही ती करता येते.

अँटिबायोटिकची घाई खरी आहे, पण तिच्यातही तारतम्य हवे. "प्रत्येक तासाच्या उशिराला जगण्याची शक्यता ७.६ टक्क्यांनी घटते" हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. ते २००६ च्या एका अभ्यासातले आहे. तो जुन्या नोंदींवर आधारलेला होता आणि त्यात सगळे पेशंट रक्तदाब पडलेले होते. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ४९ हजारांहून अधिक पेशंटांच्या नोंदी तपासल्या तेव्हा उशिराचा तोटा दिसला, पण बराच लहान: दर तासाला मृत्यूच्या शक्यतेचे गुणोत्तर १.०४ (१ म्हणजे काहीच फरक नाही). म्हणून सध्याची सूचना दुहेरी आहे. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शंका असेल तर एका तासात द्या. शॉक नाही आणि निदानाबद्दल खात्री नाही, तर तीन तासांपर्यंत वेळ घेऊन तपासा. जिथे पू साठला आहे, आतडे फुटले आहे किंवा मूत्रमार्ग तुंबला आहे, तिथे अँटिबायोटिक देऊन सकाळची वाट बघत बसणे हा मला सगळ्यात जास्त खटकणारा प्रकार आहे. सर्जनला रात्रीच उठवा.

स्टेरॉइडबद्दल एवढेच: २०१८ च्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत मृत्यू कमी झाले, दुसरीत नाही, पण दोन्हींत शॉकमधून सुटका लवकर झाली. नॉरअ‍ॅड्रेनालिनचा डोस चढत चालला असेल तर दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन देतात, आणि त्यात वाद घालण्यासारखे फारसे उरलेले नाही.

व्हिटॅमिन सीची कथा मात्र तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. २०१७ मध्ये एका केंद्राने आधीचे ४७ आणि नंतरचे ४७ पेशंट ताडून पाहिले आणि व्हिटॅमिन सी, थायामिन, स्टेरॉइड यांच्या मिश्रणाने मृत्युदर ४०.४ वरून ८.५ टक्क्यांवर आल्याचे लिहिले. बातमी वणव्यासारखी पसरली. २०२२ च्या लोव्हिट चाचणीत ८७२ पेशंटांना नीट यादृच्छिक पद्धतीने व्हिटॅमिन सी किंवा प्लासिबो दिले, तर मृत्यू किंवा अवयवांचा टिकून राहिलेला बिघाड व्हिटॅमिन सी गटात ४४.५ आणि प्लासिबो गटात ३८.५ टक्के निघाला. एखादा लेख मृत्युदर तीस टक्क्यांनी घटल्याचे सांगत असेल तर आनंद होण्याआधी थांबा. आयसीयूतल्या कुठल्याच एका औषधाने आजवर इतका फरक टिकाऊपणे दाखवलेला नाही.

आता हृदय बंद पडण्याकडे. १९६० मध्ये कूवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे दाखवले. आजच्या सीपीआरचा हा पाया. कूवेनहोव्हेन विद्युत अभियंता होते. त्यांनी मांडलेली गोष्ट अशी की यासाठी दोन हातांपलीकडे काही लागत नाही. साठ वर्षांचे संशोधन झाल्यावरही सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच आहे: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, छाती पूर्ण वर येऊ द्यायची आणि मध्ये थांबायचे नाही. थांबायचे नाही यावर मी सर्वांत जास्त जोर देतो. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतला दाब एकेका दाबासरशी हळूहळू चढतो आणि हात थांबताच काही सेकंदांत कोसळतो. नाडी बघायला, ट्यूब टाकायला, विजेचा शॉक द्यायच्या तयारीला घेतलेला प्रत्येक विराम ही कमाई घालवतो.

अ‍ॅड्रेनालिनचा गोंधळ २०१८ च्या पॅरामेडिक-२ चाचणीने सोडवला, आणि त्याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. ब्रिटनमध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ८,०१४ जणांना अ‍ॅड्रेनालिन किंवा साधे सलाईन दिले गेले. रुग्णालयात पोहोचण्याआधी हृदय पुन्हा सुरू झाले ते ३६.३ विरुद्ध ११.७ टक्के जणांत. तिप्पट! रस्त्यावर औषध देणाऱ्याला ते चमत्कारासारखे वाटेल. पण ३० दिवसांनी जिवंत होते ३.२ विरुद्ध २.४ टक्के, आणि मेंदू बऱ्यापैकी शाबूत असलेले २.२ विरुद्ध १.९ टक्के, म्हणजे सिद्ध होण्याजोगा फरक नाही. वाचलेल्यांत मेंदूचे तीव्र अपंगत्व अ‍ॅड्रेनालिनच्या गटात ३१ टक्के होते, दुसऱ्या गटात १७.८. हृदय सुरू होणे हाही एक आकडाच आहे. एक जादा जीव वाचवायला ११२ जणांना अ‍ॅड्रेनालिन द्यावे लागते, असा हिशेब त्या संशोधकांनी मांडला. त्याच्या शेजारी त्यांनी आधीच्या अभ्यासांतले आकडे ठेवले: हृदय बंद पडल्याचे लवकर ओळखण्यासाठी ११, जवळच्या माणसाने सीपीआर करण्यासाठी १५, लवकर डिफिब्रिलेशनसाठी (विजेच्या शॉकसाठी) ५. अ‍ॅड्रेनालिन द्यावेच, ते सूचनांत आहे आणि जीव वाचण्याचा थोडा फायदा खरा आहे. पण त्यासाठी छातीवरचा हात थांबता कामा नये, आणि शॉक देण्याजोग्या लयीत शॉकआधी त्याची घाई करू नये.

विजेच्या शॉकला दाद न देणाऱ्या व्हीएफबद्दल (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची नुसती थरथर) २०२२ ची कॅनडातली डोस-व्हीएफ चाचणी आशा देते. तीन शॉक वाया गेलेल्या ४०५ जणांत पॅडची जागा बदलून छाती-पाठ अशी केली तर २१.७ टक्के जण रुग्णालयातून घरी गेले, दोन डिफिब्रिलेटर पाठोपाठ वापरले तर ३०.४ टक्के, नेहमीच्या पद्धतीत १३.३ टक्के. चाचणी कोविडमुळे अर्ध्यात थांबली, त्यामुळे आकडे फुगलेले असू शकतात. पॅड हलवायला मात्र काहीच खर्च नाही.

तापमानाचा प्रश्न. २००२ च्या दोन चाचण्यांत ३२ ते ३४ अंशांवर ठेवलेल्यांचा मेंदू जास्त वेळा शाबूत राहिला: युरोपातल्या चाचणीत ५५ विरुद्ध ३९ टक्के. २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांत फरक निघाला नाही. २०२१ च्या टीटीएम-२ मध्ये सुमारे १,९०० पेशंटांत ३३ अंश आणि फक्त ताप येऊ न देणे यांची तुलना झाली, सहा महिन्यांचा मृत्युदर ५० आणि ४८ टक्के. उलटसुलट? युरोपातल्या त्या जुन्या चाचणीचा कंट्रोल गट पुन्हा बघा. त्यातल्या अनेकांना ताप चढला होता आणि तो कोणी उतरवत नव्हते. म्हणजे त्या वेळी थंड पेशंटांची तुलना तापलेल्यांशी झाली होती. निष्कर्ष असा की निदान तीन दिवस ताप ३७.५ च्या वर जाऊ देऊ नका आणि तपमापक सतत लावलेला ठेवा.

याच पेशंटांबद्दल एक कळकळीची विनंती. पहिल्याच रात्री नातेवाइकांना "आता काही उपयोग नाही" असे सांगू नका. झोपेच्या औषधांचा अंमल, थंड शरीर, मंदावलेले यकृत यांमुळे पहिल्या दिवसाची तपासणी फसवते. युरोपच्या २०२१ च्या सूचना किमान ७२ तास थांबायला सांगतात आणि त्यानंतरही एका चिन्हावर नव्हे, तर बाहुल्यांची आणि बुबुळांची प्रतिक्रिया, ईईजी, मज्जातंतूंच्या तपासण्या, स्कॅन यांपैकी किमान दोन एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच वाईट भाकीत करायला सांगतात. आपण आशा सोडली की उपचार सैल होतात, पेशंट जातो आणि आपले भाकीत खरे ठरल्यासारखे वाटते. संशोधनाच्या आकड्यांतही ही भेसळ आहे.

हृदयाच्याच कारणाने आलेल्या शॉकमध्ये कथा तीच, वळण वेगळे. १९९९ च्या चाचणीपासून बंद धमनी लवकर उघडणे हाच कणा आहे. महाधमनीत बसवलेला फुगा-पंप दाब सुधारतो, पण २०१२ मध्ये ६०० पेशंटांत त्याने जीव वाचवले नाहीत. २०२३ मध्ये सरसकट ईसीएमओनेही (शरीराबाहेरच्या हृदय-फुप्फुस यंत्रानेही) नाही. मग २०२४ च्या डॅनजर चाचणीत हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसवायच्या सूक्ष्म पंपाने सहा महिन्यांचा मृत्युदर ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आणला, रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणे मात्र वाढले. फरक कुठे पडला? पेशंटच्या निवडीत. मोठा हार्ट अटॅक असलेले घेतले आणि हृदय बंद पडून बेशुद्ध राहिलेले वगळले. पंप हृदय सांभाळतो, गेलेला मेंदू परत आणू शकत नाही. योग्य माणूस निवडला म्हणून खरा परिणाम दिसला.

"फरक सिद्ध नाही" हा निकाल वाचताना एक हिशेब मनात ठेवा. मृत्युदर ३० वरून २० टक्क्यांवर येईल अशी अपेक्षा धरली तर सुमारे ६०० पेशंट पुरतात. ३० वरून २७ वर येणे पकडायचे असेल तर सुमारे सात हजार लागतात. आपल्या क्षेत्रातल्या बहुतेक चाचण्या पहिल्या आशेवर आखल्या गेल्या आणि दुसऱ्या आकाराचा फायदा, तोही खूप मोलाचा, त्यांच्या नजरेतून निसटू शकतो. त्यात सेप्सिस हा एक आजार नाही. न्यूमोनियाचा वृद्ध, प्रसूतीनंतरची तरुण आई आणि किमोथेरपी चालू असलेला माणूस एकाच गटात टाकून सरासरी काढली, की एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात बुडतो. म्हणून आता पेशंटांचे जैविक उपप्रकार ओळखून चाचण्या आखण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते योग्य दिशेने आहेत, पण खाटेशेजारी वापरण्याजोगे अजून हाती आलेले नाही.

आता प्रबंध. नवे औषध शोधायच्या मागे लागू नका. एका निवासी डॉक्टरच्या मुदतीत आणि पेशंटसंख्येत त्याचा खरा निकाल निघूच शकत नाही. मोजता येण्याजोगे आणि बदलता येण्याजोगे काही घ्या. तुमच्या वॉर्डात सेप्टिक शॉक ओळखल्यापासून अँटिबायोटिकचा पहिला थेंब शिरेत जाईपर्यंत किती मिनिटे जातात आणि ती कुठे अडकतात: डॉक्टरच्या लिहिण्यात, फार्मसीत, की लाईन टाकण्यात? सीपीआर चालू असताना छातीवरचे हात एकूण किती वेळ थांबतात आणि कशासाठी? डिफिब्रिलेटरमध्ये याची नोंद असते, बऱ्याचदा ती कोणी उतरवून घेत नाही. बोटावरचा रंग परत येण्याची वेळ दोन वेगवेगळ्या परिचारिकांनी मोजली तर जुळते का?

मला स्वतःला सगळ्यात हवा असलेला अभ्यास मात्र डिस्चार्जनंतरचा आहे. बहुतेक चाचण्या २८ किंवा ९० दिवसांवर थांबतात. २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासात गंभीर सेप्सिसमधून वाचलेल्या वयस्करांत मध्यम ते तीव्र बौद्धिक घट ६.१ वरून १६.७ टक्क्यांवर गेलेली आढळली. तुमच्या आयसीयूतून गेल्या वर्षभरात घरी गेलेल्यांना फोन करा. चालता येते का, कामावर परतलात का, हिशेब जमतो का, झोप लागते का, पुन्हा दाखल व्हावे लागले का, हे विचारा आणि ते उत्तर दाखल असतानाच्या द्रवाच्या, झोपेच्या औषधांच्या आणि व्हेंटिलेटरच्या दिवसांच्या नोंदीशी जोडा. नीतिसमितीची परवानगी आधी घ्या, फोन करणारा माणूस प्रशिक्षित असू द्या, आणि जे फोन उचलत नाहीत त्यांची संख्याही प्रामाणिकपणे लिहा, कारण त्यांच्यातच मृत्यू लपलेले असतात.